वजन उचलून बाई बल्की दिसते का, आणि ही भीती बाजूला ठेवून सुरुवात कशी करायची

थेट उत्तर आधी देते, नाही दिसत. आठवड्यातून दोन-तीनदा डंबेल आणि रॉड उचलणारी, घरचं वरण-भात, पोळी-भाजी खाणारी, नोकरी आणि घर दोन्ही बघणारी बाई बॉडीबिल्डरसारखी दिसायला लागेल असं होत नाही, आणि ते का होत नाही हे एकदा नीट कळलं की जिममध्ये गेल्यावर कुठलं वजन हातात घ्यायचं हा प्रश्न खूप सोपा होतो. मी एवढ्या तपशिलात लिहितेय कारण ही भीती नुसती मनात राहत नाही, तिच्यापायी बायका वर्षानुवर्षं दोन किलोचे गुलाबी डंबेल घेऊन पंचवीस-पंचवीस वेळा हात वर-खाली करतात, ट्रेडमिलवर तासभर चालतात, घाम गाळतात, फी भरतात आणि मनासारखा काही फरक दिसला नाही की जिम सोडून देतात. मेहनत भरपूर असते हो, हातातलं वजनच फार कमी असतं.

स्नायू मोठे व्हायला काय काय लागतं

पहिली गोष्ट हार्मोन. पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, बायकांमध्ये साधारण 15 ते 70. म्हणजे दहा-पंधरा पटींचा फरक, आणि हा फरक आजचा नाही, वयात येताना मुलांच्या खांद्यांवर, छातीवर, दंडांवर जे मांस चढतं ते याच्यामुळेच, त्यामुळे मुलगा जिममध्ये पहिल्या दिवशी पाय ठेवतो तेव्हाच त्याच्याकडे जास्त स्नायू असतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, व्यायामाला प्रतिसाद बायकांचे स्नायूही छान देतात, टक्केवारीत बघितलं तर जवळजवळ पुरुषांइतकाच, पण मुळात कमी असलेल्या स्नायूंवर ती टक्केवारी लागते, म्हणून अंगावर दिसणारा फरक थोडा असतो. अगदी सगळं जुळून आलं, व्यायाम चुकला नाही, खाणं बरोबर, झोप पूर्ण, तरी पहिल्या वर्षात दोन-तीन किलो स्नायू वाढले तर खूप झाले, बऱ्याच जणींचे त्याहून कमीच वाढतात, आणि तेही पाय, पाठ, खांदे, हात सगळीकडे वाटून. पुढच्या वर्षी हा वेग अजून कमी होतो.

दुसरी गोष्ट खाणं. शरीराला रोज लागतं त्यापेक्षा जास्त खाल्लं तरच स्नायू मोठ्या प्रमाणात वाढतात, आणि आपल्यातल्या बहुतेक जणी तर उलट कमी खायच्या प्रयत्नात असतात. तिसरी गोष्ट काळ. स्टेजवर दिसणाऱ्या बॉडीबिल्डर बायकांचे फोटो बघून घाबरायला होतं, पण त्या शरीरामागे कितीतरी वर्षांचं रोजचं ट्रेनिंग, मोजून-मापून खाणं, स्पर्धेच्या आधीचं कडक डाएट, पाणी कमी करणं, अंगाला लावलेला रंग आणि स्टेजवरचा प्रकाश एवढं सगळं असतं, आणि काही जणींच्या बाबतीत स्टेरॉइडही असतात. तो त्यांनी ठरवून केलेला उद्योग आहे, चुकून कुणी तिथे पोचत नाही. स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र एक वाक्य लक्षात ठेवा, जिममध्ये कुणीही कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन सुचवलं तर सरळ नाही म्हणा, बायकांचा आवाज त्याने घोगरा होऊ शकतो, चेहऱ्यावर केस येऊ शकतात आणि यातलं काही काही औषध थांबवल्यावरही परत जात नाही.

आणि ताकद वाढली म्हणजे आकार वाढलाच असंही नसतं. वेटलिफ्टिंग हा वजनगटांचा खेळ आहे, स्पर्धेच्या दोन तास आधी काट्यावर उभं राहावं लागतं आणि गटापेक्षा वजन जास्त भरलं तर बाहेर. मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये 49 किलो गटात रौप्य जिंकलं तेव्हा स्नॅचमध्ये (जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) 87 आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 115 किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीपेक्षा जास्त डोक्यावर. आपल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड, 2022 मध्ये ग्रीसला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 45 किलो गटात सुवर्णपदक, 70 आणि 83 मिळून 153 किलो, ज्युनियर वर्ल्डमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. या मुली वर्षानुवर्षं जे वजन उचलतात त्याच्या जवळपासही आपण कधी जाणार नाही, आणि तरी त्यांचं स्वतःचं वजन पंचेचाळीस-एकोणपन्नास किलोच्या आसपास. कारण ताकदीचा बराच मोठा भाग मेंदू आणि नसांकडून येतो, आहेत तेच स्नायू एकाच वेळी, जास्त जोराने कामाला लावायला शरीर शिकतं. नवीन बाई उचलते ते वजन पहिल्या काही आठवड्यांत झपझप वाढतं ना, पाच किलोवरून आठ, आठवरून दहा, ते मुख्यतः हेच असतं, स्नायूंचा आकार तोवर फारसा बदललेलाही नसतो.

मग पहिल्या महिन्यात कपडे घट्ट का वाटतात

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण बहुतेक जणी इथेच घाबरून सोडतात. ब्लाउजची बाही दंडावर आवळते, जीन्स मांडीत अडकते, काटा एक किलो वर गेलेला असतो, आणि कुणीतरी म्हणतं बघ मी सांगितलेलं ना. तर यात चार वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात आणि चारही वेगवेगळ्या ओळखायच्या.

एक, व्यायाम करताना स्नायूंकडे रक्त जास्त धावतं, ते फुगल्यासारखे दिसतात आणि लागतातही टणक. हे तास-दोन तासात उतरतं. म्हणून जिममधल्या आरशात स्वतःला बघून कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

दोन, नवीन व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते, ती भरून काढायला तिथे थोडं पाणी साठतं, दुखतंही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात ते हेच. शिवाय स्नायू स्वतःकडे ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा वाढवतात आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी राहतं. काटा एखादा किलो वर जातो तो बऱ्याचदा हाच, चरबी नव्हे. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस यात मिळाले तर अजूनच.

तीन, भूक वाढते. वजन उचलल्यावर खरंच भूक लागते, आणि तासाभराच्या व्यायामात जेवढं जळतं ते दोन वडापावांत आरामात भरून निघतं, वर आज जिम झालीये म्हणून थोडं गोड चालेल असं मन सांगतं. मग वजन वाढतं, पण ते खाण्याने वाढतं आणि नाव डंबेलचं होतं. चार, आधीची चरबी तशीच आहे आणि तिच्या खाली स्नायू जरा वर आलाय, म्हणून तो भाग काही काळ भरलेला दिसतो. या दोन्हींवर इलाज खाण्यात आहे. आणि हो, दंडांचा व्यायाम केला की दंडाचीच चरबी जाईल असं होत नाही, शरीर चरबी कुठून काढणार ते त्याचं तेच ठरवतं.

म्हणून काट्याच्या भरवशावर राहू नका. शिवणकामाची साधी टेप घ्या, सुरुवातीच्या दिवशी कंबर बेंबीच्या रेषेत, कुल्ले सगळ्यात रुंद भागावर, मांडी मधोमध आणि दंड मधोमध मोजून वहीत लिहा. पुढे महिन्यातून एकदाच मोजायचं, सकाळी, काही खायच्या आधी, आणि पाळी संपल्यानंतरच्या त्याच आठवड्यात, नाहीतर मापं काहीही येतात. सोबत एखादा न ताणणारा जुना कुर्ता किंवा ब्लाउज ठरवून ठेवा, तो महिन्याने घालून बघायचा. चरबीपेक्षा स्नायू घट्ट असतो, तेवढ्याच वजनाला जागा कमी घेतो, त्यामुळे काटा जागचा हललेला नसताना कंबर दोन-तीन सेंटिमीटर उतरलेली दिसते आणि हे फक्त टेपच दाखवते. तीन महिने झाल्याशिवाय मी बल्की झाले का हा प्रश्न स्वतःला विचारूच नका, त्याआधी जे उत्तर मिळेल ते पाण्याचं आणि मूडचं असतं.

आता प्रत्यक्ष सुरुवात

आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मध्ये निदान एक दिवस सोडून. जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं मार्गदर्शनही सगळ्या मोठ्या माणसांना हेच सांगतं, आठवड्यात दोन किंवा जास्त दिवस मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम, आणि त्याशिवाय 150 ते 300 मिनिटं चालण्यासारखं काहीतरी. तीन दिवस जमले तर उत्तम, पण सहा दिवसांचं वेळापत्रक घेऊन दुसऱ्या महिन्यात सोडून देण्यापेक्षा दोन दिवस टिकलेले बरे.

जायच्या आधी बारीकसारीक गोष्टी. सपाट तळाचे बूट, जाड स्पंजवाले रनिंग शूज स्क्वॉटला, म्हणजे वजन घेऊन उठबस करताना, डुगडुगतात. बांगड्या काढून ठेवा, काचेच्या असतील तर नक्कीच, आणि लांब मंगळसूत्र टी-शर्टच्या आत किंवा घरी, रॉडमध्ये अडकलं की मानेला झटका बसतो. पंजाबी ड्रेसवर व्यायाम करायला काहीच हरकत नाही, फक्त ओढणी नको. पाच-सात मिनिटं भरभर चाला, मग प्रत्येक व्यायामाचा पहिला सेट, म्हणजे न थांबता केलेली एक फेरी, अगदी हलक्या वजनाने करून बघा.

पहिल्या दिवशी हे चार. गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे एक डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली बसणं आणि उठणं, टाचा जमिनीला चिकटलेल्या, गुडघे पावलांच्या दिशेने. ज्यांना उकिडवं बसायची सवय आहे त्यांना हे पटकन जमतं, ज्यांची ती सवय मोडलीये त्यांनी मागे बेंच ठेवून त्याला टेकून उठायचं. मग वन आर्म रो, एक हात आणि गुडघा बेंचवर, दुसऱ्या हातातलं डंबेल कंबरेच्या खिशाकडे ओढायचं, कोपर मागे जाऊ दे, खांदा कानाकडे नको. मग पुशअप, पण जमिनीवर नाही, आधी उंच बेंचवर हात ठेवून, घरी करणार असाल तर स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि जसं जमेल तसं हात खाली खाली आणायचे. शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन ताठ चालायचं, तीस-चाळीस पावलं. हा शेवटचा व्यायाम बायका टाळतात, पण पिशव्या घेऊन जिना चढताना हाच उपयोगी पडतो, पकड, खांदे, पोट सगळं एकदम काम करतं.

दुसऱ्या दिवशी रोमेनियन डेडलिफ्ट, हा जरा वेळ देऊन शिका. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभं राहा, गुडघे थोडेसेच वाकवून कुल्ले मागे ढकलून भिंतीला टेकवा, पाठ सरळ, मान पाठीच्या रेषेत. हे जमलं की हातात डंबेल, ते मांड्यांना घासत गुडघ्याच्या जरा खालीपर्यंत न्यायचे आणि कुल्ल्यांच्या जोरावर परत उभं राहायचं. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला तर बरोबर चाललंय, कंबरेत जाणवलं तर थांबा, वजन कमी करा, पुन्हा भिंतीपाशी या. मग खांद्यावरून डोक्यावर डंबेल दाबणं, ओव्हरहेड प्रेस. मग लॅट पुलडाउन मशीन, दांडा छातीकडे ओढायचा, मानेमागे नाही. आणि ग्लूट ब्रिज, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, सोपं वाटायला लागलं की ओटीपोटाच्या खाली जिथे कंबरेची पुढची हाडं लागतात तिथे प्लेट, म्हणजे वजनाची चकती, ठेवून.

प्रत्येकाचे तीन सेट, एका सेटमध्ये 8 ते 12 रिप्स (व्यायाम एकदा पूर्ण केला की एक रिप), मध्ये दीड-दोन मिनिटं खरोखर बसून विश्रांती. जोर लावताना श्वास सोडायचा, खाली येताना घ्यायचा, दम कोंडून ठेवायचा नाही.

वजन किती घ्यायचं

सगळ्यात जास्त चूक इथे होते म्हणून सावकाश वाचा. सेट संपला तेव्हा अजून दोन-तीन रिप्स जेमतेम झाल्या असत्या असं वाटायला हवं. सहा-सात सहज झाल्या असत्या तर वजन हलकं आहे, आणि शेवटच्या दोन रिप्सना पाठ वाकडी झाली, श्वास तुटला तर जड आहे. बस एवढीच परीक्षा. साधारण अंदाज हवाच असेल तर बऱ्याच नवीन जणी स्क्वॉटला 5 ते 8 किलो, रोला 5 किलो, प्रेसला प्रत्येक हातात 2 ते 3 किलो, डेडलिफ्टला प्रत्येक हातात 5 ते 7 किलो एवढ्यापासून सुरू करतात, पण शेजारणीच्या हातात काय आहे हे बघून वजन घ्यायचं नाही, कमीही नाही आणि जास्तही नाही.

मग वाढवायचं कसं. समजा 8 किलो घेऊन तिन्ही सेटना 8-8 रिप्स झाल्या. पुढच्या वेळी तेच वजन, 9 किंवा 10 करून बघा. तिन्ही सेट 12 वर पोचले की 10 किलो घ्या, रिप्स पुन्हा 8 वर येतील, परत वर चढा. वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहीत जा, लिहिलं नाही तर दर वेळी त्याच वजनावर फिरत राहाल. प्रेसला एक अडचण हमखास येते, जिममध्ये 5 नंतर थेट 7.5 चं डंबेल असतं, खांद्याच्या छोट्या स्नायूला तो एकदम दीडपट बोजा, तिथे 5 वर 15 रिप्सपर्यंत जा आणि मगच 7.5 ला हात घाला, सुरुवातीला पाच झाल्या तरी चालेल. रॉड वापरायला लागलात तर रॉडचंही वजन धरा, स्पर्धेचा पूर्ण रॉड 20 किलोचा, बायकांच्या स्पर्धेचा 15 किलोचा आणि धरायला थोडा बारीक असतो, पण गल्लीतल्या जिममध्ये छोटे हलके रॉडही असतात, म्हणून विचारून घ्या.

ट्रेनर बऱ्याचदा म्हणतील मॅडम तुम्ही हलकंच घ्या, आपण टोनिंग करू. वाईट हेतू नसतो, आधीच्या बायकांनी जड वजनाला नकार दिलेला असतो म्हणून ते आधीच हलकं देतात. स्पष्ट सांगा, सर मला ताकद वाढवायची आहे, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट शिकवा, फॉर्म, म्हणजे करायची पद्धत, बघा आणि वजन हळूहळू वाढवू. टोनिंग नावाचा काही वेगळा व्यायाम नसतो, स्नायू थोडा वाढला आणि वरची चरबी थोडी उतरली की जे दिसतं त्यालाच सगळे टोन्ड म्हणतात, म्हणजे ज्याला घाबरून हलकं वजन घेतलं जातं त्याच्यातूनच हवं ते मिळतं.

घरीच करायचं असेल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे पाच किलो, पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं किंवा पिठाच्या पिशव्या. आणि मी बाई काय जड उचलणार असं वाटत असेल तर भरलेला गॅस सिलिंडर बघा, 14.2 किलो गॅस आणि त्याशिवाय लोखंडाचं वजन, मिळून तिशीच्या आसपास जातो, आणि कितीतरी घरांत तो बायकाच सरकवतात, तेही कंबर वाकवून चुकीच्या पद्धतीने. डेडलिफ्ट शिकलेली बाई तोच सिलिंडर कंबर न दुखवता हलवते.

खाण्याचं

उपाशी राहून वजन उचलू नका. 60 किलोच्या बाईला व्यायाम करत असताना दिवसाला 70 ते 95 ग्रॅम प्रोटीन चांगलं, म्हणजे किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि वरण पातळ, त्यामुळे एवढं सहसा होत नाही, ठरवून आणावं लागतं. शाकाहारी दिवस असा बसवता येतो, सकाळी बेसनाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर घट्ट वरण, संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री भाकरी आणि 100 ग्रॅम पनीर, हे साधारण पासष्टच्या पुढे जातं, त्यात मूठभर सोया चंक्स भाजीत टाकले की अजून पंधराएक ग्रॅम. मांसाहारी असाल तर सोपंच आहे, दोन अंडी 12 ग्रॅम, बांगडा-सुरमई 100 ग्रॅममागे वीसच्या आसपास, शिजलेलं चिकन 25 ते 30. प्रोटीन पावडरला घाबरायचं कारण नाही, व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, त्याने दाढी-मिशा येत नाहीत आणि अंगही फुगत नाही, पण जेवणात भागत असेल तर त्याची गरजही नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवायचं नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांतच खूप धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या, म्हणजे दर दोघींत एक तरी. अशा वेळी मला जिम झेपत नाही असा निष्कर्ष काढू नका, बी-12 आणि व्हिटॅमिन डी पण सोबत बघून घ्या, उपचार झाले की तोच व्यायाम वेगळा वाटतो.

आणि तरीही एखादा भाग जास्त भरतोय असं वाटलं तर

काही जणींच्या मांड्या किंवा खांदे खरंच पटकन प्रतिसाद देतात, अंगकाठी वेगळी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावर पूर्ण ताबा तुमचाच आहे. आधी टेप बघा, तीन महिन्यांत मांडी वाढली आणि कंबरही वाढली तर खाणं जास्त होतंय, व्यायाम आहे तसाच ठेवा. कंबर कमी होतेय आणि फक्त मांडीच वाढलीये, आणि ते तुम्हाला नको आहे, तर त्या भागाचे सेट तीनाचे दोन करा आणि वजन आहे तिथेच ठेवा, ताकद टिकेल आणि वाढ थांबेल. बाकी शरीराचं चालू ठेवा. स्नायू महिन्यामहिन्यांनी वाढतो, एका रात्रीत नाही, त्यामुळे नको तिथे पोचायच्या कितीतरी आधी थांबायला वेळ मिळतो. मला विचाराल तर मजबूत मांड्या ही चांगलीच गोष्ट आहे, पण शरीर तुमचं आहे आणि ते कसं दिसावं हे ठरवणाऱ्या तुम्हीच, सासू नाही, ट्रेनर नाही आणि मीही नाही.

काही वेगळ्या परिस्थिती

पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोनशी संबंधित त्रास) असेल तर टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त असू शकतं, पण पुरुषांच्या पातळीपासून ते लांबच असतं, आणि वजनांचा व्यायाम तर इन्सुलिनचं काम सुधारायला मदत करतो, म्हणून तुम्ही तर अजिबात टाळू नका. पाळीत व्यायाम चालतो, पोट दुखत असेल तर हलका करा किंवा एक दिवस पुढे ढकला. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, आणि वजन उचलताना, खोकताना लघवी सुटत असेल तर लाजून गप्प बसू नका, पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, बघणारी फिजिओथेरपिस्ट असते तिला भेटा, त्यावर उपाय आहे. गरोदर असाल, बीपी, हर्निया, स्लिप डिस्क असेल तर आधी डॉक्टर.

आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायांनो, हे खास तुमच्यासाठी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडं वेगाने पातळ व्हायला लागतात, स्नायू तर तिशीनंतरच हळूहळू कमी होत असतात. आपल्या घरातली एखादी आजी बाथरूममध्ये पडते, खुबा मोडतो, आणि त्यानंतर ती पूर्वीसारखी चालत नाही, हे किती घरांनी बघितलंय. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला, 2018 मध्ये छापून आला, पाळी गेलेल्या आणि हाडं आधीच विरळ झालेल्या बायकांचे दोन गट केले, एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस असे खरोखर जड व्यायाम केले, दुसऱ्या गटाने घरी हलके व्यायाम केले. जड उचलणाऱ्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता वाढली, हलकं करणाऱ्यांची घटली. म्हणून आईला नुसतं चाल असं सांगून सोडू नका. चालणं हवंच, पण खुर्चीतून हात न टेकवता उठणं, ओट्यावर पुशअप, हातात दोन-दोन किलो घेऊन चालणं इथून तिचीही सुरुवात करून द्या, आणि हाडांचा त्रास आधीच निघाला असेल तर फिजिओथेरपिस्ट बघून मगच वजन वाढवा, स्वतःच्या मनाने नाही.

दुखणं दोन प्रकारचं असतं हेही माहीत हवं. स्नायू भरून आल्यासारखे, दाबल्यावर दुखणारे, दोन-तीन दिवसांत कमी होणारे, ते चालतं, त्यात हलकं चालत राहा. सांध्यात टोचणारं, एकाच जागी, व्यायाम करतानाच वाढणारं किंवा पायात मुंग्या आणणारं दुखणं आलं तर तो व्यायाम तिथेच बंद, आणि दाखवून घ्या.

मध्येच गौरी-गणपती, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा यात दोन-तीन आठवडे खाडा पडणारच. परत आल्यावर शेवटच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांशाने सुरू करा, म्हणजे 12 किलोवर थांबला होतात तर 8 ने, आणि पहिल्या दिवशी तीनऐवजी दोनच सेट. एकदा शिकलेला स्नायू पहिल्यापेक्षा लवकर परत येतो, दोन-तीन आठवड्यांत तुम्ही पुन्हा 12 ला असाल.